एकेचाळीस मसुदे आणि एक खंडणीखोर

बाइंडरच्या पत्राला ग्रंथपालांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता चार वर्षं आणि दोन महिने झाले होते.

पत्र मोठं नव्हतं. एकच पान, पण बाइंडरने सवयीने त्याची कडसुद्धा जाड दोऱ्याने शिवली होती. सुट्या एका पानाला शिवण कशासाठी, ते त्याचं त्यालाच ठाऊक. तीस वर्षं ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं शिवण्यात गेली, त्यामुळे न शिवलेला कागद त्याला उघडा वाटत असावा. मजकूर असा होता: "फोन करू नकोस, फोनवरचं मला ऐकू येत नाही. समोर बसून कोणी ओरडलं तर येतं. बारीक अक्षर दिसत नाही, तेव्हा लिहिशील ते मोठ्या अक्षरात लिही. हात मात्र अजून चालतात. इथे बहिणीच्या घरात मागच्या बाजूची एक खोली रिकामी आहे. तू वाचून दाखव, मी शिवत बसेन. राहायला येतोस का? तेवढं कळव."

तेवढं कळवायचं होतं. 'येतो' किंवा 'येत नाही'. पण ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं सांभाळली, त्याने स्वतः काही लिहायचं म्हणजे सोपं काम नव्हे. ग्रंथपालांनी मसुदा केला. तो त्यांना आवडला नाही. दुसरा केला. त्यात 'एकाकीपणा' हा शब्द दोनदा आला होता, तो शोभेना. तिसऱ्यात तो काढला, तर पत्राला काही अर्थच राहिना. असं करता करता संगणकातल्या 'उत्तर' नावाच्या कप्प्यात एकेचाळीस मसुदे जमले. शेवटचा चौदा पानांचा होता आणि त्यात ग्रंथालयाच्या इतिहासावर एक टीप होती. मोठ्या अक्षरात लिहिला असता तर त्याचा खंडच झाला असता.

बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि ग्रंथपाल मुळातच कमी बोलणारे. सकाळी चहा, मग संगणक, मग मसुदा, दुपारी तो खोडणं, संध्याकाळी खिडकी. शेजाऱ्यांना वाटायचं, काका काहीतरी मोठा ग्रंथ लिहितायत. ग्रंथपालांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. खरं सांगायचं तर तो त्यांना थोडा आवडायचा.

मसुद्यांची व्यवस्था मात्र चोख होती. ग्रंथालयाचा जुना नियम होता की दुर्मीळ वस्तूच्या दोन प्रती हव्यात. त्याप्रमाणे एक प्रत संगणकात आणि दुसरी बाहेरच्या छोट्या डिस्कवर. शिवाय प्रत्येक मसुद्याचं एक कार्ड, बुटांच्या खोक्यात, क्रमाने. कार्डावर क्रमांक, तारीख, आरंभीचा मजकूर आणि शेरा. वस्तू जागेवर असावी या शिस्तीने ती डिस्क संगणकाला कायमची जोडलेली असे. पाच वर्षांत ती एकदाही काढलेली नव्हती. ग्रंथपालांना या गोष्टीचा अभिमान होता. आता पुढे काय झालं ते ऐका.

मंगळवारी सकाळी एक मेल आली. विषय होता: 'आपल्याकडून अद्याप उत्तर मिळालेले नाही. स्मरणपत्र दुसरे.'

दुसऱ्या कोणी असली मेल बघितली असती तर जांभई देऊन पुसून टाकली असती. ग्रंथपाल खुर्चीत सरळ बसले. पाठवणाऱ्याचं नाव अनोळखी होतं, पण अपराधी माणसाला नावगाव कशाला लागतं? आपण आणखी कोणाला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि पहिलं स्मरणपत्र कुठे गेलं, या विचाराने त्यांना ती पुसवेना. सोबत एक फाइल होती, 'मूळ पत्राची प्रत' नावाची. त्यांनी ती उघडली. पडद्यावर पाटी आली: 'मजकूर दिसण्यासाठी कृपया परवानगी द्यावी.' कित्येक वर्षांत कोणी त्यांच्याकडे कसली परवानगी मागितली नव्हती, तीही 'कृपया' म्हणून. त्यांनी लगेच दिली.

मजकूर काही दिसला नाही. संगणक मात्र आतून घरघरू लागला आणि डिस्कचा दिवा भराभर लुकलुकायला लागला. पाच वर्षांत ती इतकी कामाला लागलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांना बरं वाटलं. ते चहा करायला गेले.

परत येऊन बघतात तर सगळ्या फाइलींची चित्रं पांढरीफटक. त्यांनी चष्मा पुसला. तरी पांढरीच. प्रत्येक नावामागे कुठल्याच भाषेतली नव्हेत अशी पाच अक्षरं शेपटीसारखी चिकटली होती. 'उत्तर एकेचाळीस' उघडायला गेले तर उघडेना. चाळीस, एकोणचाळीस, तेही नाही. मग अख्खा पडदा लाल झाला आणि आपल्याच भाषेत, पण हातपाय मोडलेल्या आपल्या भाषेत, मजकूर आला: 'तुझ्या सर्व फाइलला आम्ही कुलूप केले आहे. घाबरण्याचे कारण नाही. बहात्तर तासात पैसा दे, किल्ली घे. नंतर किल्ली नष्ट.' रक्कम त्यांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनइतकी होती. खाली एक घड्याळ उलटं चालत होतं. ते शुक्रवारी सकाळी पावणेअकराला संपणार होतं.

ग्रंथपालांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे पडद्यावर टेबलाचं कापड टाकलं. दुसरी गोष्ट, ते आवाज न करता वावरू लागले. एरवीही घरात मोठ्याने बोलण्यासारखं कोणी नव्हतं म्हणा. पण कापडाखाली ते घड्याळ चालतंय हे माहीत असताना ताट जोराने ठेवायचीही सोय राहिली नाही.

मजा बघा. तीन वर्षांत त्या घराचा उंबरठा कोणी ओलांडला नसेल, पण बातमी फुटली मात्र आणि तासाभरात दोघे हजर. बातमी फोडली ती ग्रंथपालांनीच. जिन्यात समोरच्या वहिनींनी सवयीने "काय काका, बरं ना?" विचारलं, आणि ते सवयीने "हो" म्हणायला विसरले.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त अभियंते आले. त्यांनी आयुष्यात चार पूल बांधले होते आणि म्हणून जगातल्या यच्चयावत यंत्रांवर त्यांचा अधिकार होता. कापड उचलून त्यांनी पडदा न्याहाळला.

"घासाघीस केलीत का?"

"कोणाशी?"

"या चोराशी! पहिला आकडा हा आकडाच नसतो हो. मी सिमेंटवाल्यांना नेहमी निम्म्यावर आणायचो. अर्ध्यावर या म्हणावं, उरलेले काम झाल्यावर."

समोरच्या वहिनी आत आल्याच नाहीत. दारापलीकडे, तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. "काका, माझा मोबाइल घरात ठेवून आलेय हं. तुमच्याकडची ही साथ तारेतून पसरते म्हणे."

"वहिनी, तुमच्या तारेचा आणि माझ्या तारेचा काही संबंध नाही."

"असं म्हणता म्हणताच होतं सगळं." मग त्यांनी लांबूनच, आजाऱ्याला औषध सरकवावं तशी जखमेची चिकटपट्टी जमिनीवरून सरकवली. "हे त्याच्या डोळ्यावर लावा. कॅमेऱ्यावर. बघत असेल मेला."

ग्रंथपालांनी पट्टी लावली. काय करणार? संगणकाला कॅमेरा नव्हता, म्हणून जिथे असायला हवा होता अंदाजे तिथे लावली. अभियंते आणि वहिनी जिन्यात अजून अर्धा तास एकमेकांशी बोलत होते. 'वय झालं की असंच' एवढं वाक्य दाराच्या फटीतून स्पष्ट आत आलं. ग्रंथपाल अभियंत्यांपेक्षा दोन वर्षांनी लहान होते.

लाल पडद्याच्या एका कोपऱ्यात चौकट होती: 'शंका असल्यास विचारा.' दुपारी ग्रंथपालांनी विचारायचं ठरवलं. पत्र कसं लिहायचं ते त्यांना एकाच पद्धतीने ठाऊक होतं. 'महोदय' इथून सुरुवात केली. आपण निवृत्त असून सदर फाइली कोणालाही उपयोगाच्या नाहीत, त्या व्यक्तिगत स्वरूपाच्या आहेत, तरी त्यापैकी एकच कप्पा परत मिळाल्यास आभारी राहीन, असा तीनदा खोडून केलेला मजकूर त्यांनी दोन तासांनी पाठवला. अभियंत्यांची घासाघीस त्यांना जमली नाही.

चार मिनिटांत उत्तर आलं.

'प्रिय ग्राहक, तुझे पत्र मिळून आनंद झाला. आम्ही दिवसरात्र सेवेत आहोत. विश्वास वाटावा म्हणून तुझी कोणतीही एक फाइल फुकट उघडून देऊ. कुठली ते कळव. वाट पाहतो.'

ग्रंथपालांनी ते दोनदा वाचलं. त्यांचं पत्र मिळून कोणाला आनंद झाल्याला खूप दिवस झाले होते. मग त्यांचं लक्ष त्या चार मिनिटांकडे गेलं आणि कान गरम झाले. जगात कुठेतरी बसलेला एक दरोडेखोर, ज्याला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही, तो चार मिनिटांत उत्तर देतो. आणि आपण? चार वर्षं, दोन महिने.

आणखी एक विचार आला, तो त्यांनी झटकला. घरात कितीतरी वर्षांनी कोणीतरी त्यांची वाट बघत होतं, तीही तास-मिनिटं मोजून.

पण कुठली एक फाइल? इथे सगळं अडलं. सतरावा मसुदा प्रामाणिक होता, पण रडका. सव्विसाव्याची भाषा चांगली होती, पण त्यात 'येतो' हेच कुठे नव्हतं. तेहतिसाव्यात 'येतो' होतं, पण इतक्या अटींसह की वाचणाऱ्याने 'नको येऊस' म्हणावं. चोराने देऊ केलेली फुकटची वस्तू निवडण्यात अख्खी संध्याकाळ घालवणारा माणूस त्या चोरालाही पहिल्यांदाच भेटला असेल. तीन वेळा त्याचं स्मरणपत्र आलं: 'प्रिय ग्राहक, कुठली?'

बुधवारी ग्रंथपाल पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या लेखनिकाने मान वर न करता विचारलं, "चोरीला काय गेलं?"

"काही नाही. सगळं घरातच आहे."

"मग तक्रार कसली?"

"घरात आहे, पण उघडत नाही."

"कुलूपवाल्याकडे जा ना आजोबा."

ग्रंथपालांनी नीट समजावलं. लेखनिकाचा चेहरा उजळला. "अच्छा, संगणकाचं! ते इथे नाही होत. त्याची तक्रार ऑनलाइन भरायची."

"पण माझा संगणकच तर बंद आहे."

"म्हणून तर तक्रार करायचीय ना?"

या मुद्द्यावर दोघांचंही एकमत असल्यामुळे बोलणं तिथेच थांबलं. ग्रंथपाल बाकावर बसून राहिले. समोरच्या भिंतीवर पाटी होती: 'अनोळखी मेलमधील फाइल उघडू नका. परवानगी मागणाऱ्या फाइलीला परवानगी देऊ नका. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळी काढून ठेवा.' लिहिलेलं दिसलं की वाचायचं, ही खोड. त्यांनी ती पाटी तासाभरात अकरा वेळा वाचली आणि दर वेळी तिसऱ्या ओळीशी मान खाली घातली. शेवटी लेखनिकाला दया आली असावी. त्याने स्वतःच्या संगणकावर अर्ज उघडला.

"नुकसानीचं स्वरूप?"

"मसुदे. एका उत्तराचे."

"धंद्याचं उत्तर?"

"नाही. मित्राला."

लेखनिकाने थोडा विचार करून टाइप केलं आणि कागद छापून हातात दिला. नुकसानीचं स्वरूप या रकान्यात लिहिलं होतं: 'किरकोळ'.

गुरुवारी सकाळी ग्रंथपालांनी पैसे द्यायचं नक्की केलं होतं. चार वर्षांचं काम होतं ते. ते गेलं तर बाइंडरला पाठवायला काही उरतच नव्हतं, आणि नव्याने एकेचाळीस मसुदे करण्याइतकं आयुष्य शिल्लक आहे का, हा हिशेब त्यांना मांडवत नव्हता. पण पैसे पाठवायची रीत इतकी अगम्य होती की ती विचारण्यासाठी का होईना, ते संगणकाचा डबा भाजीच्या चाकांच्या पिशवीत घालून, शेजारी डिस्क ठेवून, दोन रस्ते पलीकडे जिन्याखालच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. वाटेत एकाने "काका, आज भाजी बरीच घेतलीत" म्हटलं. ते "हो" म्हणाले.

दुकानातल्या बाई पन्नाशीच्या, कपाळावर भिंग चढवलेलं. त्यांनी डबा टेबलावर घेतला. "कशावर क्लिक केलंत?"

"मी काहीच केलं नाही."

"सगळे हेच म्हणतात. माझा नवरा पण हेच म्हणतो. कशावर?"

ग्रंथपालांनी खालच्या मानेने सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "हे झाल्याबरोबर नेटची वायर काढलीत?"

"नाही. कापड टाकलं."

बाईंनी भिंग डोळ्यावर ओढलं, बहुतेक चेहरा लपवण्यासाठी. "काका, रॅन्समवेअर म्हणतात याला. खंडणीचा व्हायरस. पहिल्यांदा वायर ओढायची, नेट तोडायचं, म्हणजे तो पसरत नाही. बरं, ही शेपटी बघू." नावामागची पाच अक्षरं त्यांनी स्वतःच्या संगणकावर टाकून बघितली. "शेपटीवरून प्राणी ओळखायचा. जुना असला तर त्याची किल्ली फुकट मिळते, काही चांगली माणसं शोधून ठेवतात. हा..." त्या बराच वेळ वाचत राहिल्या. "हा नवा आहे. किल्ली अजून कोणाकडे नाही."

"मी पैसे देतो म्हणतोय. फक्त कसे द्यायचे ते..."

"अजिबात नाही. दिलेत तरी किल्ली देतीलच याची खात्री काय? आणि तुमचं नाव देणाऱ्यांच्या यादीत जाईल. पुढच्या खेपेला पहिले तुमच्याकडे येतील, मिठाई घ्यायला आल्यासारखे."

"त्यांनी एक फाइल फुकट देऊ केलीय."

"बोललात तुम्ही त्यांच्याशी?"

"पत्र पाठवलं. त्यांनी लगेच उत्तर दिलं," ग्रंथपाल म्हणाले, आणि मग आपण दरोडेखोराची बाजू घेतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"देणारच. त्यांचा धंदाच आहे तो. दुसरी प्रत कुठे आहे?"

इथे ग्रंथपालांची मान जरा वर झाली. त्यांनी डिस्क पुढे केली. "आहे ना. दोन प्रती ठेवायच्या, हा आमचा नियम."

"ही कुठे होती त्या वेळी?"

"जागेवर. जोडलेली. पाच वर्षांत एकदाही हलवली नाही."

बाईंनी डिस्क लावायचीही तसदी घेतली नाही. नुसती हातात धरून हळूच टेबलावर ठेवली, जसा डॉक्टर नातेवाइकांसमोर चष्मा काढतो. "काका, प्रत काढली की डिस्क सोडवून कपाटात ठेवायची. जोडलेली प्रत ही प्रत नसते. तो तिच्यातही शिरला असणार."

ग्रंथपालांनी डिस्क टेबलाच्या कडेशी समांतर, सरळ करून ठेवली.

"सगळं पुसून नवं बसवावं लागेल," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "कुलूप लागलेल्या फाइली मी वेगळ्या ठेवून देते. कधी निघाली किल्ली तर निघाली. सहा महिन्यांनी, सहा वर्षांनी. आहे तरी काय त्यात एवढं?"

"एका पत्राचं उत्तर."

"एक पत्र?"

"उत्तरं एकेचाळीस."

"आणि पत्र केवढं होतं?"

"एक पान."

बाईंनी भिंग पुन्हा कपाळावर चढवलं आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग हाताने लिहा की."

ग्रंथपालांना राग आला. इतका, की दाराबाहेर पडेपर्यंत टिकला. 'हाताने लिहा की' म्हणे! जणू अडचण हाताची होती.

घरी टेबलावर, जिथे संगणक होता तिथे धुळीत एक चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता. ते त्याच्यासमोर बसले. घड्याळ गेलं होतं. चोराची 'कुठली?' ही विचारणाही गेली होती. घर आता खरोखरच रिकामं झालं, आणि ते त्यांना ऐकू आलं.

मग त्यांना बुटांचं खोकं आठवलं.

मसुदे गेले, पण कार्डं होती. ग्रंथपालांनी ती काढली आणि त्या स्वच्छ चौकोनात शेवटच्यापासून एकेक वाचायला घेतलं. एकेचाळीस: 'चार वर्षांच्या अक्षम्य विलंबाबद्दल...' शेरा: पाल्हाळ. पस्तीस: 'तीन वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी...' शेरा: कृत्रिम. बावीस: 'दोन वर्षे झाली. कोणत्या तोंडाने...' शेरा: नाटकी. चौदा: 'वर्ष झाले.' नऊ: 'चार महिने उत्तर न दिल्याबद्दल...' कार्डं उलटत गेली तसा उशीर कमी कमी होत गेला. पाच: 'तीन आठवडे झाले.' तीन: 'आठ दिवस उशीर झाला, राग मानू नकोस.' प्रत्येक मसुदा आधीच्या मसुद्यामुळे झालेल्या उशिराची माफी मागत होता. चार वर्षं त्यांनी दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

मग एक नंबरचं कार्ड आलं. तारीख पत्र मिळाल्याच्या दिवसाची. आरंभीचा मजकूर या रकान्यात अख्खं पत्रच मावलं होतं:

'येतो. खोली मागच्या बाजूला म्हणजे सकाळचं ऊन येत असेल. मोठ्याने वाचायची सवय नाही, तेवढी करून घेईन.'

त्यात माफी नव्हती. माफी मागण्यासारखं तोवर काही झालंच नव्हतं. खाली लाल पेन्सिलीने त्यांच्याच अक्षरात शेरा होता: 'फार त्रोटक. भाषा सामान्य. विस्तार करावा.'

ग्रंथपाल ते कार्ड धरून बसून राहिले. खोली गेली असेल आता, दुसऱ्या कोणाला दिली असेल. बाइंडरचे हात अजून चालत असतील का? बाइंडर स्वतः? त्यापुढे त्यांनी विचार जाऊ दिला नाही. कपाटातून त्यांनी शिवलेल्या कडेचं ते पत्र काढलं, पाठच्या पत्त्यावर बोट फिरवलं आणि एक कोरा कागद घेतला. बोटाएवढ्या मोठ्या अक्षरात, सुवाच्य, एकही शब्द न बदलता, तीन वाक्यं उतरवली. पान भरलं. त्याहून जास्त मावलंच नसतं.

शुक्रवारी सकाळी ते टपाल कचेरीत गेले. लिफाफ्यावर चार वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेलं तिकीट होतं. खिडकीतल्या बाबूने ते नखाने खरवडून बघितलं.

"हे तिकीट कधीचं? दर दोनदा वाढले त्यानंतर. अजून दोन लावा. आणि डिंक गेलाय याचा, हे उडून जाईल."

"दोन द्या. नाही, तीन द्या."

"पत्ता बरोबर आहे ना? परत आलं तर पुन्हा पैसे पडतील."

"माहीत नाही," ग्रंथपाल म्हणाले. तीन दिवसांत त्यांनी दिलेलं हे सगळ्यात खरं उत्तर होतं.

भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकराला दोन मिनिटं कमी होती. कुठेतरी कोणीतरी त्यांची किल्ली नष्ट करायला बसला असेल. ग्रंथपालांनी तिकिटं चिकटवून पेटीच्या फटीत लिफाफा अर्धा घातला, बाहेर काढला, पत्ता वाचला, पुन्हा घातला. एक वाक्य वाढवायला हवं होतं का? निदान 'क्षमस्व' एवढं तरी? रांगेतल्या एका बाईंनी घसा खाकरला. त्यांनी दचकून बोटं सोडली आणि आत खाली कुठेतरी 'टप' असा आवाज झाला.

ते लगबगीने खिडकीशी आले. "पेटीत टाकलेलं पत्र परत काढता येतं का हो?"

"नाही," बाबू म्हणाला.

"बरं झालं," ग्रंथपाल म्हणाले. ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की अख्खी रांग वळून बघायला लागली.